कणकुंबीहून टिळकवाडीपर्यंत, हवा नसताना: स्टेपनी नसलेल्या गाडीला कोणते टायर घालायचे याचं एक प्रकरण

गाडी जर्मन सेडान. नोंदणी केए-२२, २०१८ च्या अखेरची. चारही चाकांना एकच माप, २२५/५० आर १७, पुढे ९४ डब्ल्यू, आणि प्रत्येक टायरवर एक छोटा तारा. कंपनी कोणती ते जाणकारांना यावरून कळलंच असेल. डिकीत स्टेपनी नाही, जॅक नाही, पान्हाही नाही. टायर रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे, असल्यामुळे तिन्ही वस्तूंना कारखान्यातच फाटा दिलेला. मालक माझे काका, वय सत्तरीकडे झुकलेलं, राहायला बेळगावच्या टिळकवाडीत. काकूही गाडी चालवतात. मुलगी पणजीला आणि मुलगा पुण्याला, त्यामुळे गाडीच्या लांबच्या वाटा दोनच: चोर्ला घाटातून गोवा, नाहीतर महामार्गाने निपाणी, कोल्हापूर आणि पुढे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या थोडं आधी, दोघं पणजीहून परत येत होते. संध्याकाळ, पाऊस, घाट चढून झालेला. कणकुंबी मागे पडल्यावर पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात डावीकडचं पुढचं चाक आपटलं. मिनिटभरात समोर टायरचा पिवळा दिवा लागला आणि त्या चाकाचा आकडा भराभर खाली गेला. गाडी मात्र एका बाजूला ओढत नव्हती, आवाजही फारसा नव्हता. काका जांबोटीपर्यंत आले, टपरीच्या उजेडात उतरून पाहिलं, तर टायर जरासा बसलेला एवढंच. तिथून ताशी पन्नासच्या आत वेग ठेवत दोघं रात्री घरी पोचले. कणकुंबी ते बेळगाव हे अंतर पन्नासेक किलोमीटरच्या आत येतं. साधा टायर असता तर पहिल्या दोन किलोमीटरांतच रिमने तो चिरून टाकला असता.

रन-फ्लॅटने आपलं काम चोख केलं. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाला.

टायर उघडल्यावर

टायरच्या दुकानात चाक उतरवलं तेव्हा बाहेरून दिसली ती कडेला बोटाच्या पेराएवढी चीर. टायर रिमवरून सोडवून आत हात घातला तर काळी पूड बाहेर आली. फिटर म्हणाला, "आत सगळं पावडर झालंय बघा मॅडम." त्या पुडीचा अर्थ नीट समजून घ्यावा. रन-फ्लॅटच्या दोन्ही कडांच्या आत जाड, कडक रबराची भर घातलेली असते. हवा गेली की गाडीचं वजन ती भर पेलते. पण पेलताना ती प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते, त्यातून उष्णता तयार होते आणि आतलं रबर घासून झडतं. म्हणून तर कंपन्या मर्यादा घालतात: हवा पूर्ण गेल्यावर ताशी ८० च्या आत आणि साधारण ८० किलोमीटरपर्यंत. आत पूड दिसली म्हणजे त्या भरीने आपलं आयुष्य वापरून टाकलेलं असतं. असा टायर बाहेरून कितीही धडधाकट दिसला तरी पुन्हा हवा भरून रस्त्यावर आणू नये. शिवाय चीर कडेला होती, आणि कडेचं पंक्चर कुठल्याच टायरचं काढत नाहीत.

तळव्यातल्या, म्हणजे नक्षीच्या भागातल्या पंक्चरबद्दल मात्र कंपन्यांची मतं वेगवेगळी आहेत. काहीजण रन-फ्लॅट दुरुस्तच करू नका म्हणतात. काहीजण, टायर हवेविना चालवलेला नसेल आणि भोक लहान असेल, तर आतून मशरूम पॅच, म्हणजे भोकात देठ आणि आतल्या बाजूला टोपी बसणारं रबराचं ठिगळ, लावायला परवानगी देतात. बाहेरून टोच्याने दोरी घुसवणं हा उपाय रन-फ्लॅटला तर नकोच, कारण आत काय झालंय ते न बघताच तो होतो.

मग बाकीचे तीन तपासले. कडेवर ‘DOT’ (डॉट) पासून सुरू होणाऱ्या अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे होते ३४१८, म्हणजे २०१८ चा चौतिसावा आठवडा. टायर सात वर्षांचे झालेले. नक्षी मधोमध ३ मिलिमीटर, आतल्या कडेला त्याहून कमी. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर, नक्षीच्या खाचांत तेवढ्या उंचीचे छोटे उंचवटे दिलेले असतात, रबर त्यांच्या बरोबरीला आलं की संपलं. पण कायद्याला चालणारं आणि कणकुंबीच्या पावसाला चालणारं यांत फरक आहे. खाच उथळ झाली की पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि चाक पाण्यावर तरंगायला लागतं. एक टायर आणून जुन्या तिघांत बसवायचा हा पहिला पर्याय तिथेच संपला. एकाच आसावर एक नवा आणि एक झिजलेला टायर ठेवायचा नसतो, आणि तिघांचं वय झालेलंच होतं.

आणखी एक गोष्ट लगोलग केली. चाक आपटल्यावर सगळे टायर बघतात, रिमकडे कुणी बघत नाही. रन-फ्लॅटची कड कडक असल्यामुळे खड्ड्याचा दणका रबरात कमी जिरतो आणि रिमपर्यंत जास्त पोचतो. या रिमच्या आतल्या कडेला किंचित बाक दिसत होता. मी उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, मशीन शॉपमध्ये काम करते, त्यामुळे रिम तिथेच नेली. बाक मोजणारं डायल लावून फिरवली, बाक अगदी किरकोळ निघाला. मग तड्यात झिरपणारं लाल रंगाचं पेनिट्रंट मारून, पुसून, वर तो रंग बाहेर ओढणारा डेव्हलपर फवारला. तडा असता तर लाल रेघ उमटली असती. उमटली नाही. हे सांगण्याचं कारण असं, की अलॉय रिम गॅसने तापवून ठोकून सरळ करून देणारे बरेच भेटतात. ॲल्युमिनियमच्या ह्या ओतीव रिमला ताकद आलेली असते ती कारखान्यातल्या उष्णता-प्रक्रियेने, आणि गॅसची ज्योत लावली की त्या जागेची ती ताकद उतरते. दिसायला सरळ, आतून मऊ. तापवून सरळ केलेली रिम मी तरी घाटात जाणाऱ्या गाडीला लावणार नाही.

स्टेपनीवाल्यांचा पक्ष

दुकानदाराने सरळ सांगितलं, "नॉर्मल घाला की ताई. मऊ चालते गाडी, निम्म्याने खर्च वाचतो, आणि माल आजच हातात आहे." पुण्याहून दादाचा, म्हणजे काकांच्या मुलाचा, फोन आला, त्याचंही तेच. चार साधे टायर घाला, एक बारीक स्टेपनी विकत घ्या, डिकीत टाका, विषय संपला.

ह्या पक्षात दम आहे, तो उगाच उडवून लावू नये. रन-फ्लॅट महाग असतो. वजनाला जड असतो. खडबडीत रस्त्यावर गाडी आदळल्यासारखी चालते. काकूंची पाठ या मुद्द्यावर गेली सात वर्षं साक्ष देत आली आहे. रन-फ्लॅटसाठी बनवलेल्या रिमवर साधा टायर बसवायला अडचण नसते. अशा रिमला कडेजवळ जास्तीचा उंचवटा असतो, हवा गेल्यावर टायरची कड रिमवरून घसरू नये म्हणून. साधा टायर त्यावर व्यवस्थित बसतो. उलट दिशेने मात्र हे चालत नाही: साध्या रिमवर रन-फ्लॅट घालू नये. स्टेपनी नाही म्हणून पोलीस अडवतील ही भीतीही खोटी. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर स्टेपनीची सक्ती उठली.

पण किटचं बघा. बाटलीतलं औषध व्हॉल्व्हमधून आत सोडायचं, छोट्या पंपाने हवा भरायची, औषध भोकात जाऊन गोठतं. तळव्यात खिळा गेला असेल, भोक चार ते सहा मिलिमीटरच्या आत असेल, तर उत्तम. कडेची चीर ते बुजवत नाही. म्हणजे कणकुंबीला जे झालं, नेमकं तेच किटच्या हाताबाहेरचं. शिवाय बाटलीला मुदत असते, आणि मुदत संपलेली बाटली डिकीत वर्षानुवर्षं पडून असणं हे आपल्याकडे फारच नेहमीचं आहे.

स्टेपनीचं गणित आणखी वेगळं. बारीक स्टेपनी म्हणजे अरुंद, ताशी ८० च्या मर्यादेची, आणि तिच्यात हवा भरायची ६० पॉइंट (पीएसआय), म्हणजे नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. ह्या गाडीच्या डिकीत तिच्यासाठी खळगा नाही, म्हणून ती सामानाच्या जागेत आडवी बांधून ठेवावी लागते. नुसती टाकली तर जोराचा ब्रेक लागल्यावर काय होईल ते सांगायला नको. बोल्टची संख्या, त्यांच्यातलं अंतर, मधल्या भोकाचा व्यास आणि ब्रेकच्या कॅलिपरला लागणारी जागा, हे सगळं जुळलं पाहिजे. ह्या गाडीला नट नाहीत, बोल्ट आहेत, म्हणजे चाक हाताने उचलून भोकाला भोक जुळवत बोल्ट लावायचा. शिवाय चोरीच्या भीतीने एका बोल्टला वेगळी किल्ली असते, ती कुठे आहे हे काकांना आठवत नव्हतं. (डॅशबोर्डच्या कप्प्यात, देवीच्या अंगाऱ्याच्या पुडीखाली सापडली.)

एवढं सगळं जमवलं तरी एक प्रश्न उरतो आणि तो काकूंनी विचारला. "त्या रानात, पावसात, अंधारात चाक कोण बदलायचं गं? हे? यांना डॉक्टरांनी बादली उचलू नको म्हटलंय. आणि फोन लावायचा तर रेंज कुठे असते तिथे?"

चोर्ल्याच्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी खरंच रेंज नसते. दादाने स्टेपनी मांडली ती स्वतःच्या हातांच्या भरवशावर, आणि गाडी चालवणारे हात त्याचे नव्हते. माझ्या दृष्टीने प्रकरण इथेच बरंचसं सुटलं होतं.

ऐंशी किलोमीटरचा हिशेब

रन-फ्लॅटची मर्यादा ८० किलोमीटर हे वाक्य सगळे वाचतात, पण ती मर्यादा आपल्या नकाशावर ठेवून कुणी पाहत नाही. बेळगाव-कोल्हापूर एकशेदहाच्या आसपास. म्हणजे मधे कुठेही हवा गेली तरी कुठलंतरी एक टोक पंचावन्नच्या आत, आणि वाटेत संकेश्वर, निपाणी आहेतच. हुबळीकडे गेलं तर कित्तूर, धारवाड. चोर्ला घाटात मधोमध अडकलात तर वर बेळगाव आवाक्यात, खाली साखळी त्याहून जवळ. आंबोलीला काही झालं तर खाली सावंतवाडी, नाहीतर चंदगडमार्गे मागे. अनमोडच्या बाजूला खानापूर किंवा फोंडा. आपल्या सीमाभागात, निदान काका जातात त्या रस्त्यांवर, ऐंशी किलोमीटरच्या आत वस्ती, दिवा आणि टायरवाला लागत नाही अशी जागाच नाही. इथे राज्याची हद्द कुठून जाते हा प्रश्न टायरला पडत नाही, तेवढंच एक बरं.

अर्थात ऐंशी हा आकडा चाचणीतला आहे. गाडीत पाच माणसं, डिकीत गोव्याहून आणलेली काजूची पोती, उन्हाळ्याची दुपार आणि घाटाची वळणं असतील तर त्यातून कापून धरायचं. शिवाय चीर लांब असेल, कड फाटून लोंबत असेल, तर रन-फ्लॅटही तग धरत नाही. आणि दाब दाखवणारी यंत्रणा चालू नसेल तर रन-फ्लॅट घालूच नये. हवा गेल्याचं चालवणाऱ्याला कळत नाही हाच त्याचा गुण आणि हाच धोका. काकांच्या गाडीत प्रत्येक व्हॉल्व्हला सेन्सर आहे आणि तो खरा दाब सांगतो. काही गाड्यांत सेन्सर नसतो. एबीएस या ब्रेकच्या यंत्रणेने मोजलेल्या चाकांच्या फेऱ्यांवरून, कुठलं चाक जास्त वेगाने फिरतंय यावरून अंदाज बांधला जातो. तशा गाडीत हवा भरल्यावर यंत्रणा नव्याने शिकवावी लागते, आणि हे आपल्याकडे पेट्रोल पंपावर कुणी करत नाही.

आणखी एक भेद ह्या भागात महत्त्वाचा. टायरला इजा कशाने होते? चिकोडी, रायबागच्या ऊसपट्ट्यात हंगामात ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या, बैलगाड्या, बैलांच्या पत्र्यांचे, म्हणजे खुरांच्या नालांचे, निसटलेले खिळे. तिथे पंक्चर होतं ते तळव्याला, हळूहळू हवा जाते, दिवा लागेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं मिळतात आणि पुढच्या गावात पंक्चरवाला असतो. तिथल्या माणसाला मी साधे टायर आणि चांगलं किट एवढंच सांगितलं असतं. घाटाच्या रस्त्यावर इजा होते ती खड्ड्याच्या धारेने, कडेला, आणि हवा एकदम जाते. स्टेपनी नसलेल्या गाडीत त्या इजेवर रन-फ्लॅटशिवाय दुसरा उतारा नाही. शेवरले कॉर्व्हेटने १९९७ च्या मॉडेलपासून स्टेपनी काढून टाकून रन-फ्लॅट दिले तेव्हा डोळ्यांसमोर अमेरिकेतले रुंद, सपाट रस्ते असणार. पण जांबोटीच्या रस्त्यावर, दोन वयस्कर माणसांसाठी, ती कल्पना जास्त लागू पडते असं मला वाटतं.

टायर मिळवणं

चार रन-फ्लॅट घ्यायचं ठरलं आणि खरी वणवण सुरू झाली. बेळगावात ह्या मापाचा साधा टायर हवा तेवढा मिळत होता, रन-फ्लॅट मागवावा लागणार होता. कोल्हापुरात दोन होते, पण २०२२ चे. पुण्यात चार मिळत होते, चालू वर्षाचे. ह्या टंचाईमागे कारण आहे. जून २०२० मध्ये केंद्राने नव्या टायरची आयात खुल्या यादीतून काढून निर्बंधित केली; तेव्हापासून परवान्याशिवाय टायर आणता येत नाही. जास्त खपाची मापं देशातच बनतात, पण तारा असलेला विशिष्ट रन-फ्लॅट ही कमी खपाची वस्तू. शिवाय आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआयची खूण सक्तीची आहे. कुणी दुबईहून आणलेला माल स्वस्तात देतो म्हणाला तर आधी ती खूण शोधावी.

टायरच्या कडेवरची भाषा एकदा समजून घेतली की दुकानात कुणी फसवू शकत नाही. रन-फ्लॅट हा शब्द सगळ्या कंपन्या सारखा लिहीत नाहीत. ब्रिजस्टोन आरएफटी लिहितं, मिशलिन झेडपी, कॉन्टिनेंटल एसएसआर, गुडइयर आरओएफ, हँकूक एचआरएस, पिरेली आर-एफ. तारा म्हणजे बीएमडब्ल्यूने त्या टायरला आपल्या गाडीसाठी दिलेली मान्यता. मर्सिडीजच्या अशा रन-फ्लॅटवर एमओ एक्स्टेंडेड असतं. तारा असलेला मिळाला तर चांगलंच, पण तारा म्हणजे कायदा नव्हे. ताऱ्यासाठी दोन वेगवेगळ्या नक्षींचे टायर मिसळण्यापेक्षा चारही एकाच नक्षीचे बिनताऱ्याचे बरे. ९४ हा भाराचा आकडा, म्हणजे एका टायरला ६७० किलो. त्याहून वरचा, समजा ९८ म्हणजे ७५० किलो, चालतो, खालचा नाही. डब्ल्यू म्हणजे ताशी २७०. एवढ्या वेगाने आपण कुठे जाणार, असं काका म्हणाले. बरोबर आहे, पण वेगाचं अक्षर टायरच्या उष्णता सोसण्याच्या ताकदीबद्दलही सांगतं, म्हणून गाडीच्या पुस्तकात दिलंय त्याच्या खाली उतरू नये.

एका दुकानात २२५/५५ आर १७ घालण्याचा सल्ला मिळाला: "गाडी जरा उंच होते, खड्ड्यात वाचते." हिशेब करून पाहिला. २२५/५० चा पूर्ण व्यास ६५७ मिलिमीटर, २२५/५५ चा ६७९. फरक साधारण साडेतीन टक्के. तेवढ्याने स्पीडोमीटर चुकतो आणि वळताना चाकाच्या कमानीत घासण्याचा धोका येतो. उलट दादाला १८ इंची रिमची हौस होती, २२५/४५. तिथे व्यास जवळजवळ तोच राहतो, पण रबराची उंची ११२ वरून १०१ मिलिमीटरवर येते, म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामधलं एक सेंटिमीटर गेलं. कंपनीने दिलेलं माप ठेवलं.

ह्या शोधाशोधीत गणपती येऊन गेले. मग ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय आला: २२ तारखेपासून टायरवरचा कर २८ टक्क्यांवरून १८. गाडी एरवीही उभीच होती, काका थांबले. मूळ किंमत तीच राहिली तर बिल साधारण पावणेआठ टक्क्यांनी उतरतं. चार टायरवर वाचलेल्या पैशात पाचव्या टायरचा जवळजवळ तिसरा हिस्सा निघतो.

पाचवा टायर हा माझा हट्ट. काका म्हणाले, "पाचवा कशाला गं? गाडीला चाकं चारच की!" पण ह्या प्रकरणातली खरी अडचण रस्त्यावर आलीच नव्हती. गाडी सुखरूप घरी आली आणि घरी येऊन टायरची वाट बघत उभी राहिली. रन-फ्लॅट तुम्हाला टायरच्या दुकानापर्यंत नेतो. दुकानात टायर असेल याची हमी त्याने दिलेली नाही. मुंबई, बंगळूरला हा प्रश्न संध्याकाळपर्यंत सुटतो, बेळगाव, निपाणी, खानापुरात सुटत नाही. म्हणून पाचवा टायर गाडीत न ठेवता घरी ठेवायचा, रिमशिवाय, माळ्यावर, उन्हापासून आणि इन्व्हर्टरपासून लांब. रबर पडल्या पडल्याही म्हातारं होतं, हे खरं. पण तीन-चार वर्षांत चारांपैकी एकाला कणकुंबीसारखा प्रसाद मिळण्याची शक्यता मी त्या झिजेपेक्षा जास्त धरते. पैसे दादाने भरले, नवरात्रात पुण्याहून पाच टायर आले.

विम्याकडून काही मिळालं नाही, आणि ते पॉलिसीत लिहिलेलंच असतं: नुसत्या टायरचं नुकसान भरून मिळत नाही, अपघातात गाडीलाही इजा झाली असेल तरच, आणि तेव्हाही टायरच्या किमतीच्या निम्मं. टायरसाठीची वेगळी पुरवणी घेता येते, काकांकडे नव्हती. या नूतनीकरणाला घेतली.

बसवताना

रन-फ्लॅट बसवणं हे साध्या मशीनचं काम नाही. कड इतकी ताठ असते की मदतनीस हात असलेलं मशीन लागतं, नाहीतर माणूस लोखंडी पहार घालतो आणि टायरची कड किंवा आतला सेन्सर जातो. दुकान निवडताना मी भाव विचारण्याआधी मशीन बघितलं. व्हॉल्व्हची रबरं नवी घातली, बॅलन्सिंग केलं, आणि आतली कड जास्त झिजलेली होती म्हणून अलाइनमेंट. टोमध्ये, म्हणजे चाकं पुढून किती आत-बाहेर वळलेली आहेत त्यात, फरक निघाला. तो तसाच ठेवला असता तर नव्या टायरची आतली कडही तशीच गेली असती. बाक आलेली रिम मागच्या आसावर लावली, म्हणजे स्टिअरिंगला किरकोळ थरथर असली तरी हाताला जाणवू नये.

हवा भरताना फिटरने सवयीने चाळीस पॉइंट मारली. "जास्त असलेली बरी, खड्ड्यात रिम वाचते," हे इथलं सर्वमान्य शास्त्र. रन-फ्लॅट आधीच कडक. त्यात हवा वाढवली की पकड कमी होते आणि पाठीला उरलंसुरलं सुखही मिळत नाही. दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावरचा आकडा, टायर थंड असताना, एवढाच नियम. सकाळी गाडी निघण्याआधी घरच्या गेजने पुन्हा मोजून उतरवली आणि यंत्रणा रीसेट केली.

नवे टायर जुन्यांपेक्षा मऊ आहेत, हे काकूंनीही मान्य केलं. अलीकडच्या पिढीच्या रन-फ्लॅटच्या कडा पूर्वीइतक्या दगडी राहिलेल्या नाहीत. तरी शहरातल्या काँक्रीटच्या सांध्यांवर टक-टक येतेच, ती जाणार नाही.

काकांसाठी एक कागद लिहून गाडीत ठेवला. दिवा लागला तर आधी वेग पन्नासच्या आत, मग सुरक्षित जागी उतरून कड बघायची. कड लोंबत असेल तर पुढे जायचं नाही. लोंबत नसेल तर कुठून कुठल्या गावाकडे वळायचं त्याची यादी, आणि घरी येऊन दुसऱ्या दिवशी हवा भरून "चालतंय की" म्हणायचं नाही. शेवटची ओळ काकांनी हसून वाचली, पण त्यांच्यासाठी ती सगळ्यांत गरजेची होती.

दादाच्या पुण्यातल्या गाडीचे रन-फ्लॅटही पुढच्या वर्षी संपतील. त्याला मी साधे टायर आणि बारीक स्टेपनीच सांगणार आहे. त्याची गाडी बहुतेक महामार्गावर असते, फोन लागतो, डिकी निम्मी रिकामी असते आणि चाक तो स्वतः बदलू शकतो. फक्त बोल्टची किल्ली आत्ताच शोधून ठेव म्हटलं. अजून त्याला सापडलेली नाही.